गजराआक्काचे पाच स्पीकर

गजराआक्काने मला पहिल्यांदा मारलं ते टीव्हीच्या रिमोटने. नेम कपाळाचा होता, पण मी वायरी बघायला वाकलो असल्यामुळे तो कानशिलावर बसला. सेलचं झाकण उडून पेटीमागे गेलं आणि दोन्ही सेल माझ्या पायाशी घरंगळत आले. मी ते उचलले, झाकण शोधून काढलं, सगळं पुन्हा नीट बसवलं आणि रिमोट तिच्या हातात परत दिला. मारणाऱ्याच्या हातात हत्यार आणून देणारा माणूस मी एरवी नाही. पण आक्कापुढे भल्याभल्यांची अशीच गत व्हायची.

पिरंगुटला माझं छोटं दुकान आहे. होम थिएटर, कॅमेरे, डिश अशी कामं मी करतो. मुठ्यापासून हिंजवडीपर्यंत शनिवार-रविवारच्या बंगल्यांत सिनेमा लागला की ज्या भिंती थरथरतात, त्यांतल्या बऱ्याच भिंतींना मीच भोकं पाडली आहेत. कामात मी किरकिरा आहे, हे आधीच कबूल करतो. पुढचे दोन स्पीकर बसणाऱ्यापासून सारख्या अंतरावर हवेत, मागचे दोन कानाच्या जरा वर हवेत, मधला टीव्हीखाली आणि दणक्याचा डबा, म्हणजे सबवूफर, कोपऱ्यात. यात वीतभर इकडचं तिकडे झालं तरी मला अन्न गोड लागत नाही. गिऱ्हाइकं वैतागतात, पण माझा इलाज नाही.

आक्का घोटावड्याच्या अलीकडे एका वाडीत, अगदी रस्त्याला लागून राहायची. एकटी. वय साठीच्या पुढे, उंची पाच फुटांच्या आत, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि पंजे मात्र एखाद्या गड्याचे असावेत तसे रुंद. नवरा वारून बरीच वर्षं झाली होती. महेश हा एकुलता एक मुलगा कंपन्यांना गाड्या पुरवायचा आणि बायकामुलांसह हिंजवडीच्या टॉवरमध्ये राहायचा. घराशेजारी आक्काने चार खोल्या बांधून कंपनीतल्या लोकांना भाड्याने दिल्या होत्या. बाकी भात, चार शेळ्या आणि भांडणं.

भांडणाच्या बाबतीत तिचा एक नियम होता आणि तो ती कुणालाही ऐकवायची. "आदी दोन द्यायच्या, मंग बोलायचं. आदी बोलाया गेलं की समोरचा देतुया."

हा नियम तिने कसा पाळला याच्या गोष्टी वाडीत सगळ्यांना पाठ आहेत. एकदा कुणा बंगलेवाल्याच्या ड्रायव्हरने गाडी मागे घेताना तिच्या भाताच्या बांधावर चढवली. आक्काने दगड उचलून एक दिवा फोडला. ड्रायव्हर घाबरून म्हणाला, "मावशी, चुकून लागला वाटतं." आक्काने दुसरा दगड घेतला आणि दुसरा दिवा फोडला. मला सांगताना म्हणाली, "एकच फोडला असता तर चुकून लागला म्हनत गावभर हिंडला असता."

दुसरी गोष्ट तिच्या भाडेकरणीची. नागपूरची एक मुलगी तिच्याकडे खोली घेऊन राहत होती. तिला न्यायला येणारा कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर रोज आरशातून बघून काहीबाही बोलायचा. मुलीने रडत सांगितलं. दुसऱ्या दिवशी आक्का गाडीपाशी उभी. काच खाली झाल्याबरोबर तिने त्याची गचांडी धरली, अर्धा बाहेर ओढला आणि वहाणेने असा हाणला की त्याचा ओठ फाटला. मग त्यालाच तोंड धुवायला तांब्याभर पाणी दिलं आणि मुलीला म्हणाली, "बस गाडीत. कामाला उशीर हुतोय." ड्रायव्हरने तिला फाटक्या ओठाने, मान खाली घालून, वेळेत कंपनीत पोचवलं. त्यानंतर वर्षभर तोच ड्रायव्हर येत होता आणि आक्काला रामराम केल्याशिवाय गाडी हलवत नव्हता.

नवऱ्याबद्दल ती एकदाच बोलली. "लई मारायचा. एक दिस मी बी मारला. त्याच्याफुडं चौदा वर्सं संसार चांगला झाला." हे ती तांदूळ निवडत बोलली आणि खडा काढून बाहेर टाकला. मी हसावं की नाही, हे मला कळलं नाही.

मला तिची भीती वाटायची, हे खरंच आहे. पण तिच्या घरी जायचं म्हटलं की बरंही वाटायचं. माझी आई मऊ स्वभावाची होती. आयुष्यभर सगळ्यांचं ऐकून घेत ती गेली. आक्काकडे बघताना मला वाटायचं, आईने एखाद्याला तरी एकदा वहाण मारायला हवी होती.

या बाईला होम थिएटर कशाला हवं होतं, ते आता सांगतो.

तिची जमीन आणि तिचा चुलत दीर बबन याची जमीन यांच्यामध्ये रस्त्याकडेची एक अरुंद पट्टी होती. बबनच्या जमिनीत जायची वाट तिथूनच निघत होती. बबनला आपली जमीन विकायची होती आणि घेणारा म्हणत होता, पट्टीसकट देत असाल तर घेतो, नाहीतर नको. पट्टी आक्काच्या नावावर. आक्का सही करीना. बबन बांध कोरायचा, आक्का परत घालायची. महेशलाही वाटत होतं की विकून टाकावी आणि आईने टॉवरमध्ये येऊन राहावं. तो आईपुढे हे बोलायचा नाही, माझ्यासारख्यांपुढे बोलायचा.

अशाच एका दुपारी आक्का बांधावर वाकून माती ओढत होती. मागून कुणीतरी फावड्याचा दांडा तिच्या उजव्या कानावर घातला. ती तोंडावर चिखलात पडली. शुद्धीवर आली तेव्हा शेळ्या तिच्याभोवती चरत होत्या आणि माणूस कुणीच नव्हतं. तिने बबनचं नाव घेतलं, पण पाहिलं कुणी नव्हतं, खुद्द तिनेही नव्हतं. बबनने हात वर केले. त्यानंतर महिन्याभरात तिच्या कुत्र्याला कुणीतरी पावातून औषध घातलं. दारात फेस गाळत ते तडफडून मेलं.

मार खाल्ल्याचं आक्काला फार दुःख नव्हतं. मार तिने जन्मभर खाल्ला होता आणि दिलाही होता. तिला सलत होतं ते हे, की मारणाऱ्याचं तोंड तिला दिसलं नाही. "म्होरनं ये की. म्होरनं येऊन मार, मारून टाक. पर मागनं आलास तर मी कुनाला मारायचं?" हे ती इतक्या वेळा बोलली, की रात्री झोपेतही बोलत असावी. यापुढे आपल्या मागून कुणी येता कामा नये, एवढा एकच ध्यास तिने घेतला होता.

तेवढ्यात ती नागपूरची मुलगी परदेशी निघाली. जाताना तिने आपला कॉम्प्युटर आणि पाच स्पीकरचा संच आक्काच्या घरात ठेवला आणि गळ्यात पडून रडली. आक्काने मला बोलावलं. मला वाटलं, म्हातारीला सिनेमा बघायचा असेल.

"हे टीवीला जोड," ती म्हणाली. "आन हे पाच डबे हायेत त्यातल्या चारांत माज्या रानाच्या चार बाजूंचा आवाज आन. हितं मधी मी बसनार. म्होरं रस्ता, डाव्या हाताला वढा, उजव्या हाताला बबन्या, मागं साग. जिकडनं कोन यील तिकडच्या डब्यात वाजलं पायजे."

बावीस वर्षं मी लोकांच्या घरात खोटे पाऊस, खोट्या गाड्या आणि खोट्या बंदुका फिरवल्या. सभोवार आवाजाचा असा खरा उपयोग मला एकानेही सांगितला नव्हता.

"कॅमेरे लावू की, आक्का. टीव्हीवर चारही बाजू दिसतील."

"बघत बसाया मला वेळ न्हाई. भाकऱ्या थापायच्या का टीवीकडं डोळं लावायचं? ऐकू आलं की पुरं."

शेवटी कॅमेरे आणि माइक दोन्ही लावले. कॉम्प्युटरची एक वायर टीव्हीला दिली की चित्र जातं आणि आवाजही जातो, पण तो आवाज टीव्हीतल्या दोन स्पीकरांत अडकून बसतो. पाच ठिकाणी वेगवेगळा हवा असेल तर कॉम्प्युटरच्या मागून तीन पिना थेट अॅम्प्लिफायरला न्याव्या लागतात. हिरवी पुढच्या दोघांची, काळी मागच्या दोघांची, नारिंगी मधल्याची आणि दणक्याच्या डब्याची. चार माइक घेणारा एक छोटा डबा मी पुण्याहून आणला. कुठल्या माइकचा आवाज कुठल्या स्पीकरला, हे कॉम्प्युटरमध्ये ठरवून दिलं. मागच्या स्पीकरांना लोखंडी पाइपचे स्टँड लावले. तिची खुर्ची मधोमध ठेवली आणि सुतळीने अंतरं मोजली. सांगायला हरकत नाही, इतकं सरळ काम मी कुठल्याही बंगल्यात केलं नव्हतं.

मग परीक्षा. आक्का खुर्चीत बसली. मी ओढ्याच्या बाजूला जाऊन खोकलो. आतून आरोळी आली, "बबन्या!" मी सागांच्या बाजूला जाऊन पाय आपटले. आतून आरोळी, "रस्ता!" मला वाटलं हिरवी आणि काळी पिन उलटी लागली असेल, म्हणजे पुढचं मागे आणि मागचं पुढे. घरात येऊन बघितलं तर पिना बरोबर होत्या. पुन्हा बाहेर गेलो, पुन्हा चुकलं. तिसऱ्या वेळी मी म्हणालो, "आक्का, माझं काम बरोबर आहे, तुम्हीच नीट ऐकत नाही." तेव्हाच तो रिमोट बसला.

कानशील चोळत मी तिच्या उजव्या बाजूला उभा होतो. नरमाईने म्हणालो, "आक्का, चहा मिळेल का?" काही उत्तर नाही. रागावली असेल म्हणून मी खुर्चीला वळसा घालून डाव्या बाजूला आलो आणि तेवढ्याच आवाजात तेच म्हणालो. "आत्ताच पिलास की," ती म्हणाली.

मी परत उजवीकडे गेलो आणि पुन्हा विचारलं. आक्का समोर बघत होती. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

आवाज कुठून आला ते माणसाला दोन कान असतात म्हणून कळतं. एका कानाला आधी, दुसऱ्याला नंतर, त्यातून दिशा उमगते. एकच कान असला तर चारही दिशा एकाच बाजूला येऊन बसतात. माझा सगळा धंदा दोन कानांवर चालतो आणि मी एका कानाच्या बाईभोवती सुतळीने अंतरं मोजत बसलो होतो. मला तिची फार कीव आली. माझा चेहरा बघून तिला ते कळलं.

तिने माझा शर्ट धरून मला खाली, डाव्या कानापाशी ओढलं. "त्या मारात गेला. महेशला बी ठावं न्हाई. ह्या अंगानं मला ऐकू येत न्हाई हे बबन्याला कळलं, तर तो ह्याच अंगानं यील. कुनापाशी बोललास तर जीभ उपटून हातात देईन."

मी शपथ घेतली. अगदी गळ्याला हात लावून घेतली.

आठवड्याने मी पुन्हा गेलो, तर माझ्या कामाचा सत्यानाश झालेला. पाचही स्पीकर तिने भिंतीवरून, स्टँडवरून उतरवले होते आणि ओसरीवर एका फळीवर, डाव्या हाताला, ओळीने मांडून ठेवले होते. मला भोवळ यायची बाकी राहिली.

"बस," ती म्हणाली. "कुटनं येतंय ते कळत न्हाई तर नसू दे. कोन वाजतंय ते तर कळतंय."

रस्त्याच्या बाजूला तिने खडी पसरली होती. ओढ्याकडे तारेला शेळ्यांच्या घंटा टांगल्या होत्या. बबनच्या बांधावर तेलाचे रिकामे डबे दोरीने बांधले होते. आणि मागे सागाखाली सागाचीच वाळकी पानं वाफ्यात खत पसरावं तशी सारखी पसरली होती. प्रत्येक बाजूचा आवाज निराळा. खडी करकरली की रस्ता, घंटा वाजल्या की ओढा, डबे खडखडले की बबन, पानं चुरचुरली की साग. त्याला एक कान पुरे होता. तिने मला सगळीकडे चालायला लावलं आणि एकदाही चुकली नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी वाकड्या मांडणीपुढे हात जोडले.

"पानं रोज पसरावी लागतील," मी म्हणालो.

"सागाखाली पानं असायचीच," ती म्हणाली. "कुनाला संशव बी येनार न्हाई." आणि खूश होऊन तिने माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मला खोकला आला.

आता माझी चूक सांगतो. ती लपवून हे लिहिण्यात अर्थ नाही.

महेश एकदा दुकानात आला. आईकडे जाऊन आलेला. टेबलावर रेलून हसायला लागला. "काका, काय हे? पाच-पाच स्पीकर आणि सगळे एका फळीवर? भाजीवाल्यासारखे मांडलेत. दुकान बंद करा राव तुमचं. आणि आईचं डोकं फिरलंय, पानं पसरते सकाळी उठून." तो हसत राहिला. माझ्या कामाला हसला म्हणून मला राग आला, की आक्काला हसला म्हणून, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे. मी ताडकन म्हणालो, "हसतोस काय? तुझ्या आईचा उजवा कान गेलाय त्या मारात. ठार बहिरा झालाय. एकटी बाई कशी राहते तिथे, ते बघ आधी. डॉक्टरकडे ने तिला."

त्याचं हसू थांबलं. "मला बोलली नाही," एवढंच तो म्हणाला. मग निघून गेला. मला बरं वाटलं. वाटलं, पोराच्या काळजात काहीतरी हललं. आता तो आईकडे बघेल.

शिमग्याच्या आधीचे दिवस होते. रस्त्याकडचा माइक उंदराने कुरतडला होता म्हणून मी सकाळी आक्काकडे गेलो होतो. घराच्या कोपऱ्यावर शिडी लावून वर चढलो होतो. आक्का ओसरीत लसूण सोलत होती. तेवढ्यात रस्त्याने जेसीबी आला आणि थेट पट्टीवर वळला. बांधाला दात लावायच्या आत आक्का अंगणात, त्याच्यासमोर. हातात माझ्या स्टँडचा लोखंडी पाइप. काढून टाकलेले स्टँड तिने दाराशी ठेवले होते, ते मला तेव्हा कळलं.

"चालीव," ती ड्रायव्हरला म्हणाली. "माज्यावरनं चालीव."

ड्रायव्हर उत्तरेकडचा, विशी-पंचविशीचा. त्याने इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात वर केले. सगळीकडे एकदम शांत झालं. मी शिडीवरून घराची मागची बाजू बघू शकत होतो. सागांमधून बबन येत होता. धिप्पाड माणूस, हातात फावड्याचा दांडा. आधी तो पाय जपून टाकत होता. मग घराच्या उजव्या अंगाला आला आणि जपणं सोडून सरळ चालायला लागला, आपल्याच अंगणात असल्यासारखा.

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं होतं, आवाज निघाला नाही. माझ्या भित्रेपणाला मी त्या दिवसापासून ओळखून आहे.

पण ओसरीवरच्या फळीवरल्या स्पीकरांतून पानं चुरचुरली होती. मी ती शिडीवर ऐकली, म्हणजे आक्काने ऐकलीच. ती वळली नाही. तिने पाइपावरची पकड तेवढी बदलली. बबन दहा पावलांवर आला, पाचांवर आला, त्याने दांडा उचलला. तेव्हा ती उजवीकडून गर्रकन फिरली आणि पाइप त्याच्या उचललेल्या हातावर आला. हाड मोडल्याचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. दांडा पडला. दुसरा तडाखा गुडघ्यावर बसला, बबन खाली आला. तिसरा तोंडावर. दात आणि रक्त मातीत पडलं. तो "वैनी, वैनी" म्हणत हात आडवा करत होता आणि ती मोडलेल्याच हातावर पुन्हा घालत होती. चौथा, पाचवा. माणूस मारताना ती ओरडत नव्हती, शिव्या देत नव्हती. धाप लागली तेव्हाच थांबली.

"बोल आता," ती त्याला म्हणाली.

बबन बोलण्यासारखा राहिला नव्हता. बोलला तो ड्रायव्हर. तो केबिनमधून उतरून रडत हात जोडत होता. "मेरा कुछ नहीं है, माँजी. इन्होंने बोला, तुम सामने शोर करो, मैं दाहिने से जाता हूँ. बुढ़िया का दाहिना कान बंद है, बोला."

आक्काने मान वर करून शिडीकडे पाहिलं.

"खाली ये."

मी उतरलो. पाइपावरचं रक्त तिच्या मनगटावर ओघळत होतं. मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो, सवयीने.

"तुज्याबिगर कुनाला ठावं न्हवतं," ती म्हणाली. "बबन्याला बोललास?"

"नाही आक्का. बबनला नाही."

"मंग कुनाला?"

खोटं बोलायला मला वेळ होता. कुठल्याही डॉक्टरचं नाव घेता आलं असतं, भाडेकरूचं घेता आलं असतं. पण ती बाई डोळ्यांत बघत होती आणि माझी अक्कल चालली नाही.

"महेशला," मी म्हणालो. "चांगल्यासाठी बोललो, आक्का. तुम्हाला डॉक्टरकडे न्यावं म्हणून."

मी डोळे मिटून घेतले आणि तडाख्याची वाट बघितली. काहीच झालं नाही. डोळे उघडले तेव्हा ती ओसरीच्या पायरीवर बसली होती, पाइप मांडीवर आडवा घेऊन. बबन मातीत कण्हत होता, ड्रायव्हर कुणालातरी फोन करत होता. आक्का माझ्याकडे बघत नव्हती, कुणाकडेच नाही. "पानी दे," ती म्हणाली. मी तांब्या आणून दिला. तिने ते पाणी हातावर घेतलं, रक्त धुतलं आणि न पिताच तांब्या खाली ठेवला.

पुढे पोलिस, दवाखाना, तारखा, हे सगळं रीतसर झालं. बबनचा हात वाकडाच राहिला. आक्काला जामीन मिळाला, कारण दांड्यावर बोटांचे ठसे बबनचे होते आणि ड्रायव्हर आपल्या म्हणण्यावरून हलला नाही. पट्टी अजून तिच्याच नावावर आहे. मी महेशला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "काका, बोलता बोलता निघून गेलं हो. बबनकाकांबरोबर बसलो होतो, पट्टीच्या सहीचं चाललं होतं. मारा असं मी कशाला सांगू? माझी आई आहे ती." खरं असेल. माझ्याही तोंडून बोलता बोलताच निघून गेलं होतं. आक्काने त्याला एका शब्दानेही विचारलं नाही, हे मला तो स्वतःच म्हणाला, आणि त्याच्या आवाजात त्याची भीती होती.

शेवटचं मी तिला पाहिलं ते पावसाळ्याच्या तोंडावर, एका रविवारी दुपारी. टीव्हीचं चित्र गेलं म्हणून तिने बोलावलं होतं. मी दारात पोचलो तर महेश आत जेवत बसला होता. आक्काने त्याच्यासाठी सुकटाची चटणी केली होती, तांदळाच्या भाकरी होत्या, वर तुपाची धार होती. ती त्याच्या समोर, भिंतीला पाठ लावून बसली होती आणि लहान मुलाला वाढावं तशी त्याला वाढत होती. "खा. वाळलाईस. सूनबाई जेवाया घालती का न्हाई?" आवाज मऊ होता. इतका मऊ आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. महेश मान खाली घालून खात होता.

त्याच्या ताटातली भाकरी संपली. चूल आतल्या खोलीत होती. आक्का गुडघ्यावर हात टेकून उठली. तिने दुरडी उचलली, आणि पोरावरची नजर न काढता, एका हाताने भिंत चाचपत, एकेक पाऊल मागे टाकत, उलट्या पावलांनी ती चुलीकडे गेली.